अंडरओथचा ‘इरेझ मी’: परतलेल्या बँडबद्दल ऐकणारे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

‘इरेझ मी’ येऊन बरीच वर्षं झाली, तरी मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणाचं जड संगीत) ऐकणारी दोन माणसं भेटली आणि या अल्बमचा विषय निघाला की अजूनही आवाज चढतो. मी हा बँड २००६ पासून ऐकते. कॉलेजात असताना मामेभावानं एक सीडी बर्न करून दिली होती, तिथून सुरुवात झाली. ‘इरेझ मी’ आल्यापासून मात्र त्याच्या बाजूनं बोललं की काही मित्र रुसतात, विरोधात बोललं की दुसरे. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

अंडरओथ म्हणजे कोण?

अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा बँड. १९९७ मध्ये ओकाला या गावात सुरू झाला, पुढे टँपा शहराचा म्हणून ओळखला गेला. सुरुवातीच्या काळातली माणसं बदलत गेली. आज ‘अंडरओथ’ म्हटल्यावर जे सहा जण डोळ्यांसमोर येतात ते २००४ च्या ‘दे आर ओन्ली चेझिंग सेफ्टी’ या अल्बमपासून जमले: स्पेन्सर चेंबरलेन पुढे उभा राहून किंचाळणारा, अ‍ॅरन गिलेस्पी ड्रम वाजवता वाजवता गाणारा, टिम मॅकटॅग आणि (२०२३ पर्यंत) जेम्स स्मिथ गिटारवर, ग्रँट ब्रँडेल बासवर आणि ख्रिस्तोफर डडली कीबोर्डवर. २००६ चा ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. इतकं कर्कश, इतकं वाकडंतिकडं संगीत त्या जागी पोहोचणं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

‘इरेझ मी’ला पुनरागमन का म्हणतात? बँड बंद पडला होता का?

हो, रीतसर बंद पडला होता. २०१० मध्ये अ‍ॅरन बाहेर पडला. त्याच्या जागी पूर्वी नॉर्मा जीन बँडमध्ये वाजवणारा डॅनियल डेव्हिसन आला आणि त्याच वर्षी ‘डिसअँबिग्युएशन’ निघाला. २०१२ मध्ये बँडनं थांबत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१३ च्या जानेवारीत निरोपाचा दौरा करून ते आपापल्या घरी गेले. २०१५ मध्ये पुन्हा एकत्र येत असल्याची बातमी आली, तीही अ‍ॅरनसकट. २०१६ च्या दौऱ्यात त्यांनी २००४ आणि २००६ चे दोन्ही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवले.

हा दौरा लक्षात ठेवा, कारण पुढच्या भांडणाचं बी तिथंच पडलं. दोन वर्षं लोक जुनी गाणी जशीच्या तशी ऐकत होते, शब्दन् शब्द सोबत ओरडत होते. नवा अल्बमही तिथूनच पुढे सुरू होईल असं सगळ्यांनी मनाशी धरलं. ६ एप्रिल २०१८ ला ‘इरेझ मी’ आला आणि तो भलत्याच ठिकाणाहून सुरू झाला.

आवाज बदलला म्हणजे नक्की काय बदललं? सगळे नुसतं ‘पॉप झालं’ म्हणतात.

‘पॉप झालं’ म्हणणं हे आमटी बिघडल्यावर ‘चव नाही’ म्हणण्यासारखं आहे. मीठ कमी की आंबट जास्त, ते कळत नाही. माझ्या कानाला चार गोष्टी बदललेल्या ऐकू येतात.

सगळ्यात मोठा बदल गाण्यांच्या बांधणीत आहे. ‘डिफाइन द ग्रेट लाइन’मधली गाणी एका दारानं आत शिरतात आणि दुसऱ्याच दारानं बाहेर पडतात. एक रिफ (गिटारचा ठरावीक तुकडा) येतो, जातो, पुन्हा येईलच याची खात्री नाही. कोरस कुठला असा प्रश्न पडावा अशी गाणी आहेत त्यात. ‘इरेझ मी’मध्ये बहुतेक गाणी कडवं, कोरस, कडवं, कोरस अशी चालतात. ‘रॅप्चर’ दुसऱ्यांदा ऐकतानाच कोरस पाठ झालेला असतो. काहींना त्याचाच आनंद झाला आणि काहींना नेमका त्याचाच राग आला.

कीबोर्डची जागा बदलली. डडलीचे सूर आधी गिटारच्या मागे धुक्यासारखे पसरलेले असायचे. ते काढून टाकले तरच होते हे कळायचं. आता ते पुढे आले. ‘नो फ्रेम’ जवळजवळ त्यांच्यावरच उभं आहे, ‘सिंक विथ यू’ आणि ‘आयहेटइट’ही बऱ्याच प्रमाणात.

मिक्स चकचकीत झाला. जुन्या अल्बममध्ये खोलीची हवा ऐकू यायची, झांज वाजली की ती कुठल्या भिंतीवर आपटली ते जाणवायचं. इथे प्रत्येक वाद्य पुसून, घासून आपापल्या जागी ठेवलंय.

आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: दोन गळ्यांमधला फरक कमी झाला. या बँडची ओळखच मुळी अशी की एक जण किंचाळतो आणि दुसरा गातो, आणि दोघं एकमेकांच्या वाक्यात घुसतात. पण मधल्या वर्षांत स्पेन्सर स्वतः भरपूर गायला शिकला. ‘डिसअँबिग्युएशन’मध्ये अ‍ॅरन नसल्यामुळे दोन्ही कामं त्याच्यावर आली, नंतर स्लीपवेव्ह या त्याच्या दुसऱ्या बँडमध्येही तो मुख्यतः गातच होता. त्यामुळे ‘इरेझ मी’मध्ये दोन गायक आहेत, पण आग आणि पाणी नाही. लोकांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं ते मुख्यतः इथं, असं माझं मत आहे. गिटार हलक्या झाल्या म्हणून ते ओरडले, पण हरवला होता तो संवाद.

मग हा मेटलकोर अल्बम आहे की नाही?

‘ऑन माय टीथ’, ‘होल्ड युअर ब्रेथ’ आणि ‘इन मोशन’ ऐकलीत तर आहे. ‘वेक मी’ आणि ‘ब्लडलस्ट’ ऐकलीत तर नाही. दुकानातल्या फळीवर कुठे ठेवायचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही.

अ‍ॅरन परत आला होता ना? मग जुना आवाज का परत आला नाही?

अ‍ॅरनचा या बँडबरोबरचा आधीचा अल्बम २००८ चा. मध्ये जवळपास दहा वर्षं. तेवढ्या काळात त्यानं स्वतःचा दि ऑलमोस्ट हा बँड चालवला, पॅरामोर बँडच्या दौऱ्यांत ड्रम वाजवले. विशीत जो माणूस बाहेर पडला तो तिशीत आत आला. तोच ताल, त्याच जोरानं, त्याच कारणासाठी तो कसा वाजवणार?

एक मात्र खरं. ‘डिसअँबिग्युएशन’ अ‍ॅरनशिवाय झालेला, पण ‘इरेझ मी’पेक्षा कितीतरी काळोखा आणि जड आहे. तेव्हा ‘अ‍ॅरन म्हणजे जुना आवाज’ हे समीकरण आधीपासूनच चुकीचं होतं. उलट या बँडमध्ये गोड सुरांची ओढ सगळ्यात जास्त त्यालाच होती.

सगळा दोष प्रोड्यूसरचा, असं म्हणतात. खरं का?

प्रोड्यूसर होता मॅट स्क्वायर. त्याचं नाव पॅनिक! अ‍ॅट द डिस्को या पॉप-रॉक बँडच्या २००५ च्या पहिल्या अल्बमशी जोडलेलं, त्यामुळे लोकांनी अल्बम ऐकायच्या आधीच निकाल दिला. ‘डिफाइन द ग्रेट लाइन’च्या वेळी किलस्विच एंगेज या मेटलकोर बँडचा अ‍ॅडम डट्किविच आणि मॅट गोल्डमन होते, म्हणजे फरक मोठाच. पण प्रोड्यूसर कुणाच्या घरात घुसून बसत नाही, त्याला बोलावलेलं असतं. कोरस घट्ट करणारा माणूस बँडला हवा होता, म्हणून त्यांनी तो आणला. दोष द्यायचाच तर सहा जणांना द्या, श्रेयही त्यांनाच.

एका शिवीवरून एवढं वादळ का उठलं?

या प्रश्नाला मी जास्त वेळ देणार आहे, कारण ‘इरेझ मी’वरचा बराचसा राग आवाजाच्या नावानं बोलला गेला, पण तो आला होता इथून.

अंडरओथ अनेक वर्षं उघडपणे ख्रिस्ती बँड होता. त्यांचे बहुतेक जुने अल्बम सॉलिड स्टेट या लेबलनं काढले, जे सिअ‍ॅटलच्या टूथ अँड नेल या ख्रिस्ती संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीचं. अमेरिकेत ख्रिस्ती संगीताची स्वतंत्र दुनिया आहे: स्वतःची पुस्तकांची दुकानं, स्वतःची रेडिओ स्टेशनं, स्वतःचे महोत्सव. ज्या घरांमध्ये इतर कुठलंही जड संगीत आत येऊ दिलं जात नव्हतं, तिथं अंडरओथची सीडी चालायची, कारण किंचाळण्यामागे प्रार्थना होती. हजारो मुलामुलींना मोठ्यानं ओरडायची परवानगी मिळाली ती या बँडमुळे. ते स्टेजवरून येशूबद्दल बोलायचे आणि खाली उभी असलेली मुलं रडायची.

‘ऑन माय टीथ’ हे नव्या अल्बमचं पहिलं गाणं फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आलं आणि त्यात इंग्रजीतली ती शिवी स्पष्ट होती. त्याच सुमारास बँडच्या माणसांनी सांगितलं की आता आम्ही स्वतःला ख्रिस्ती बँड म्हणवत नाही. स्पेन्सर नशेच्या व्यसनाबद्दल उघड बोलला. आदर्श म्हणून उभं राहण्याच्या ओझ्याखाली आपण खोटं वागत होतो, हा सूर अल्बमभर आहे. नावच बघा, ‘मला पुसून टाका’.

माझा एक मित्र वसईचा आहे. लहानपणापासून चर्चमध्ये गिटार वाजवणारा, घरी सामवेदी बोली बोलणारा. तो कॅथलिक, हा बँड वेगळ्या पंथातला, पण त्याच्यासाठी तो भेद कधीच आड आला नाही. मेटल ऐकणाऱ्या आमच्या टोळक्यात देव मानणारा म्हणून त्याची थट्टा व्हायची. अंडरओथ हा त्याचा पुरावा होता: बघा, दोन्ही एकत्र राहू शकतं. ‘ऑन माय टीथ’ आलं त्या रात्री त्याचा फोन आला. गाणं जोरदार आहे म्हणाला. मग बराच वेळ गप्प होता. शेवटी एवढंच बोलला, “त्यांचा विश्वास गेला यात त्यांची चूक नाही गं. पण माझा साक्षीदार गेला.”

त्या वाक्यानंतर ‘शिवीवरून काय एवढं’ असं मी कुणालाही म्हटलेलं नाही. त्या ऐकणाऱ्यांचं दुःख खरं होतं. ते ‘गिटार पातळ झाल्या’ म्हणत होते, कारण ‘मला एकटं टाकून गेलात’ हे म्हणणं जास्त कठीण होतं.

बँडच्या बाजूनंही सांगायला हवं. ज्या गोष्टीवर मन उरलं नाही ती रोज रात्री स्टेजवरून सांगत राहणं म्हणजे त्याच मुलांची फसवणूक झाली असती. शिवाय सहा जणांची श्रद्धा कधीच एका मापाची नव्हती. अ‍ॅरननं २०११ मध्ये उपासनेच्या गीतांचा स्वतंत्र अल्बम काढला होता. एकाच बँडमध्ये असे वेगवेगळे प्रवास चालू असताना सगळ्यांच्या वतीनं एक झेंडा धरणं शक्यच नव्हतं.

पैशासाठी विकले गेले, हा आरोप?

पटत नाही. पैसाच हवा असता तर २०१६ च्या दौऱ्यासारखे जुन्या अल्बमचे दौरे दर दोन वर्षांनी काढले असते. लोक येतच होते. जुन्या चाहत्यांच्या हक्काच्या बाजाराकडे पाठ फिरवून शिवी असलेलं गाणं सगळ्यात आधी बाहेर काढणं हा तोट्याचाच सौदा होता. आता कोरस रेडिओला चालण्यासारखे केले हे खरं, आणि तशी इच्छा त्यांना नव्हती असं मी म्हणणार नाही. जास्त लोकांपर्यंत पोहोचावंसं वाटणं हा गुन्हा नव्हे.

असा बदल त्यांनी आधी कधी केला होता का?

केला होता, आणि तोही यापेक्षा मोठा! १९९९ चा ‘अ‍ॅक्ट ऑफ डिप्रेशन’ किंवा २००० चा ‘क्राइज ऑफ द पास्ट’ ऐका. लांबलचक, अंधारी, जवळजवळ ब्लॅक मेटलच्या वाटेनं जाणारी गाणी. तेव्हाचा गायक डॅलस टेलर बाहेर पडला, स्पेन्सर आला आणि ‘चेझिंग सेफ्टी’ निघाला: उड्या मारत ऐकायचे कोरस, गोड सूर. तेव्हाचे जुने लोक म्हणाले, पॉप झालं. आज तोच अल्बम ‘खरा अंडरओथ’ म्हणून डोक्यावर घेतला जातो आणि ‘इरेझ मी’ त्याच्याशी ताडून पाहिला जातो.

बदलून परतलेल्या कलाकाराला आपण इतके कठोर का होतो?

मेटलपुरतं हे नाही. कुमार गंधर्वांचं गाणं क्षयानं काही वर्षं थांबलं आणि देवासला राहून बरे झाल्यावर ते जेव्हा पुन्हा गायला लागले तेव्हा गाणं बदललेलं होतं. तुकडे छोटे, फेक वेगळी, माळव्यातली लोकगीतं आत आलेली. आजारापूर्वीच्या कुमारांवर जीव टाकणाऱ्यांपैकी अनेकांना ते जड गेलं. माझ्या आजोबांच्या पिढीत त्यावरून घराघरात वाद होते. दोन्ही संगीतांची तुलना मी करत नाहीये, ऐकणाऱ्यांची करते आहे. माणूस गप्प असतो तेव्हा आपण त्याचा जुना आवाज मनात जपून ठेवतो, रोज थोडा उजळतो. तो परत येतो तेव्हा त्याची गाठ त्या उजळलेल्या आवाजाशी पडते.

ग्रॅमीचं काय झालं?

‘ऑन माय टीथ’ला सर्वोत्तम मेटल सादरीकरणासाठी नामांकन मिळालं. २०१९ च्या सोहळ्यात पुरस्कार हाय ऑन फायर या बँडला गेला. त्याच यादीत डेफहेवन, ट्रिव्हियम आणि बिटवीन द बरीड अँड मी होते. ज्या अल्बमला लोक ‘हा मेटल नाहीच’ म्हणत होते त्यातल्या गाण्याला मेटलच्या विभागात जागा मिळाली, यावरून पुन्हा भांडणं झाली. नामांकनामुळे अल्बम चांगला ठरत नाही. पण हे एक गाणं त्या पंक्तीत बसण्याच्या लायकीचं नक्कीच आहे.

तुम्हाला स्वतःला अल्बम कसा वाटतो? सरळ सांगा.

अकरा गाण्यांपैकी सहा मी अजून ऐकते. ‘इट हॅज टू स्टार्ट समव्हेअर’ ही सुरुवात मला बँडच्या सगळ्या सुरुवातींमध्ये वरच्या रांगेत ठेवावीशी वाटते. धावत येऊन दार ढकलावं तसं ते येतं. ‘ऑन माय टीथ’ तर आहेच. ‘नो फ्रेम’ हे या अल्बमचं खरं धाडस, कारण तिथं त्यांनी नवा आवाज अर्धवट न वापरता पूर्ण वापरला. शेवटचं ‘आय गेव्ह अप’ ऐकताना मला अजून गलबलून येतं. त्यात पराभव आहे, पण कुणावर राग नाही.

‘वेक मी’ मला कधीच आवडलं नाही. कोरस कुणाचाही असू शकला असता. ‘ब्लडलस्ट’चंही तसंच. ब्रिंग मी द होरायझन या ब्रिटिश बँडनं २०१५ मध्ये ‘दॅट्स द स्पिरिट’ काढून जी वाट पाडली होती, तिच्यावर या दोन गाण्यांत अंडरओथ मागून चालताना दिसतो. आणि ज्या बँडनं २००६ मध्ये वाटा पाडल्या त्याला मागून चालताना पाहणं मला दुखलं. नव्या आवाजाबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की काही ठिकाणी तो पुरेसा नवा नव्हता.

मला अजिबात आवडला नाही. मी जुनाट आहे का?

नाही. ऐकून नावडला तर नावडला. न ऐकता, एका गाण्यावर आणि दुसऱ्यांच्या मतावर नावडला असेल तर एकदा पूर्ण ऐका.

आपल्याकडे हे ऐकणारे लोक होते तरी कुठे?

मुंबईत, पुण्यात, बरेच. स्क्राइब आणि भयानक मौत या मुंबईच्या बँडमुळे आमच्या पिढीला या जातीच्या संगीताची गोडी लागली. आम्ही आधी यांच्यासमोर घाम गाळला, मग घरी जाऊन यांच्यासारखं दुसरं कोण वाजवतं ते शोधत अमेरिकेपर्यंत पोहोचलो.

‘इरेझ मी’नंतर बँडनं काय केलं? लोकांचं ऐकून मागे गेले का?

२०२० मध्ये दौरे बंद असताना त्यांनी २००४, २००६ आणि २००८ चे तिन्ही अल्बम ऑनलाइन मैफलींत पूर्ण वाजवले. मग जानेवारी २०२२ मध्ये ‘व्हॉयरिस्ट’ आला. या वेळी निर्मितीची सूत्रं त्यांनी स्वतःकडे ठेवली. तो जास्त जड आहे, म्हणून ‘आले ताळ्यावर’ असं बरेच जण म्हणाले. मला ते अर्धंच खरं वाटतं. ‘व्हॉयरिस्ट’मधले कीबोर्ड, कुजबूज, रिकाम्या जागा हे सगळं ‘इरेझ मी’नं दिलेलं आहे. शेवटचं ‘न्यूमोनिया’ सात मिनिटांच्या आसपासचं, टिमच्या वडिलांच्या मृत्यूतून आलेलं. ‘नो फ्रेम’ केलं नसतं तर ते गाणं तसं झालं नसतं. मार्च २०२५ मध्ये ‘द प्लेस आफ्टर धिस वन’ आला, त्यात इलेक्ट्रॉनिक बाजू पुन्हा मोठी झाली. म्हणजे २०१८ ला घेतलेलं वळण त्यांनी सोडलेलं नाही.

आणि वसईचा मित्र? तो ऐकतो का अजून?

हे मला दर वेळी विचारलं जातं. ऐकतो. ‘व्हॉयरिस्ट’मध्ये ‘हालेलुया’ नावाचं गाणं आहे, कोरसमध्ये बरेच गळे एकत्र गातात. ते त्यानं मला गाडीत लावून दाखवलं आणि म्हणाला, “शब्द बघ, पूर्ण उलटे आहेत. पण गायकवृंद कसा बसवायचा हे चर्चमध्येच शिकलेत.” ‘इरेझ मी’ मात्र त्याच्या फोनमध्ये नाही.

मी पहिल्यांदाच ऐकणार आहे. कुठून सुरू करू?

आधी ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ एकदा पूर्ण ऐका, म्हणजे लोक कशासाठी रडत होते ते कळेल. मग दोन-तीन दिवस दुसरं काहीही ऐका. लगेच ‘इरेझ मी’ लावलात तर तुम्हीही २०१८ च्या चाहत्यांसारखे मनात ताडत बसाल. नंतर ‘इरेझ मी’ क्रमानं, मधली गाणी न गाळता, ‘वेक मी’सुद्धा. ‘नो फ्रेम’ शक्यतो रात्री घरी, हेडफोन लावून ऐका. लोकलमध्ये नको. त्यातला खालचा सूर गाडीच्या खडखडाटात पूर्ण बुडतो, आणि मग गाण्यात काहीच नाही असं वाटतं.